काळ्याच्या पोटाचा हिशेब



या आठवड्यात आम्ही कुत्र्याविषयी लिहिणार, असे घरात नुसते बोललो आणि पहिला आक्षेप स्वयंपाकघरातूनच आला. "एवढे विषय पडलेत अन् तुम्हाला कुत्रंच सापडलं का?" आक्षेप खोटा नाही. आपल्या बोलीत कुत्र्याइतका बदनाम प्राणी दुसरा नाही. वाईट मरण आले की ते कुत्र्याचे मरण. नोकरी सुटली की 'आता कुत्रं विचारत नाही'. सांगूनही जो सुधारत नाही त्याचे शेपूट नळीत घातलेले. आणि भांडण पेटले की तोंडातून पहिली शिवी बाहेर पडते ती याच बिचाऱ्याच्या नावाने.

आपल्या समाजाला तर ही शिवी नुसती कानाने ऐकावी लागली नाही. महाडच्या चवदार तळ्यावर गुराढोरांना, कुत्र्यामांजरांना पाणी पिण्याची मुभा होती, माणसाला नव्हती. म्हणून २० मार्च १९२७ चा दिवस उगवावा लागला. येसकर पाळीची भाकर मागायला आपले आजे-पणजे वाड्यासमोर उभे राहत, तेव्हा वाड्याचे कुत्रे आत ओट्याच्या सावलीत आणि आपले माणूस बाहेर उन्हात. तिथूनच तुकडा फेकला जाई. कुत्र्याकडेही आणि माणसाकडेही. तेव्हा 'कुत्र्यापासून शिका' असे कोणी म्हटले की जुन्या माणसांच्या कपाळाला आठी पडते, ती का पडते हे आम्ही जाणतो.

तरीपण एक छायाचित्र आठवा. फेब्रुवारी १९३४ मधले, मुंबईच्या राजगृहावरचे. ते पुष्कळांच्या घरी भिंतीवर आहे. यशवंतराव, बाबासाहेब, रमाई, थोरल्या जाऊबाई लक्ष्मीबाई आणि पुतण्या मुकुंद. आपली नजर माणसांवरच थांबते, म्हणून पाचांबरोबरचा सहावा जीव कित्येकांच्या ध्यानात येत नाही. तो बाबासाहेबांचा लाडका कुत्रा टॉबी. घरातल्या माणसांबरोबर त्याचाही फोटो निघाला. ज्यांनी माणसाला कुत्र्यापेक्षा हीन लेखणाऱ्या व्यवस्थेशी जन्मभर झुंज घेतली, त्यांनी कुत्र्यावर राग धरला नाही. राग कुणावर धरायचा हे त्यांना नेमके ठाऊक होते.

एवढे बोलून झाल्यावर घरचा आक्षेप मागे घेण्यात आला आणि आम्ही लातूरला निघालो.

लातूर म्हटले की पूर्वी गंजगोलाई आठवायची. सोळा रस्ते एका ठिकाणी येऊन मिळतात ती. आडत, तूरडाळीच्या मिला, पोत्याखाली वाकलेले हमाल. आज या शहराची आणखी एक बाजारपेठ आहे आणि तिथला माल म्हणजे शिकवणी. 'लातूर पॅटर्न'च्या नावाने जिल्ह्याजिल्ह्यांतून हजारो पोरे-पोरी इथे येतात. डॉक्टर व्हायचे, इंजिनिअर व्हायचे. क्लासवाल्यांची मोठमोठी फलके रस्त्यावर लागलेली आहेत. पण त्या पोरांना दोन वेळा जेवायला लागते आणि हे जेवण पत्र्याच्या खोल्यांतून, मागच्या गल्ल्यांतून येते. मेस, डबे, पोळीभाजी. या धंद्यात आपल्या बायाबापड्या पुष्कळ आहेत. बचत गटातून कर्ज काढायचे, दोन शेगड्या, एक परात, वीस डबे घ्यायचे, की झाला धंदा सुरू. चालला तर चालला. नाहीतर गटाचा हप्ता आणि पोराची फी एकाच आठवड्यात दारात उभी.

अशाच एका मेसच्या पायरीखाली आम्हाला काळ्या भेटला. मेस चालवणाऱ्या अक्कांचे नाव आम्ही सांगत नाही, त्यांची तशी इच्छा आहे. अक्का खऱ्या, काळ्याही खरा. त्याचे बोलणे मात्र आमच्या पदरचे आहे. पण आम्ही अर्धा दिवस त्याच्या शेजारी बसून होतो, तेव्हा अगदीच मनाचे श्लोक नाहीत.

"नाव काय तुझं?" आम्ही विचारले.

"कोनतं सांगू? अक्का काळ्या म्हनती. पोरं टायगर म्हनत्यात. रातचा वॉचमन राजा म्हनतो. अन् त्या पलीकडच्या झेरॉक्सवाल्याकडं माजं नाव 'हाड' हाय."

"एकाला चार नावं कशाला रे?"

"दारं चार हायेत म्हनून नावं चार. एक दार लागलं तर बाकीची हायेतच की. दिवाळीला पोरं गावाकडं गेली की अक्काची चूल थंड. तवा वॉचमनच्या डब्यातली अर्धी भाकर हाय. तुमचं मानसाचं लई अवघड बगा. एका क्लासची चाळीस पोरं धरून बसायचं. त्यो क्लास दुसरीकडं गेला, की डोक्याला हात लावून पायरीवर बसायचं. माज्या जागेवर!"

यात काय खोटे आहे? मे महिन्यात नीटची परीक्षा उरकली की या भागातली अर्धी मेस ओस पडते. अक्का त्या दिवसांत शेवया, कुरडया, पापड करून देतात. पहिल्या वर्षी त्यांनी ते केले नव्हते. त्या वर्षी गटाचे दोन हप्ते थकले होते.

आता मुख्य गोष्ट. ती आम्हाला अक्कांनी सांगितली, पण आम्ही ती काळ्याच्या तोंडून ऐकवतो, कारण तोच तिचा खरा साक्षीदार.

"गेल्या साली आखाडात मी लई खुशीत होतो," काळ्या म्हणाला. "दोन्ही टायमाला पोट फुटोस्तर खायला. वरन, भात, आर्ध्या आर्ध्या चपात्या, वांग्याची भाजी तर डब्याच्या डब्यात. पंधरा दिवसांत मी असा फुगलो की मला त्या गटारीवरून उडी मारता येईना. बाकीची कुत्री म्हनायली, लेका, तुजी लॉटरी लागली. अन् एक दिवस अक्का भांडी घासायला भायेर आली. माज्याकडं बगतच ऱ्हायली. म्हनली, 'आरं काळ्या, तू कामून एवढा फुगायलास? मी तर तुला रोज एकच भाकर घालते.' मग तिनं समदे डबे उघडून बघितले."

डब्यांत काय होते? जवळजवळ सगळे. तेल महाग झाले म्हणून अक्कांनी फोडणी कमी केली होती, कणीक थोडी हलक्या गव्हाची घेतली होती, आणि भाजीवाल्याकडचा संध्याकाळचा उरलेला माल स्वस्तात उचलला होता. महिन्याला हजार-बाराशे रुपये वाचत होते, वहीत जमा दिसत होती. पोरे तोंडावर काही बोलत नव्हती. "मावशी, छान होतं" म्हणायची आणि वडापाव खायला जायची. गावाकडून आलेली गरिबाची पोरे, ती वयाने आईएवढ्या बाईला तोंडावर काय बोलणार? पुढच्या महिन्यात गुपचूप दुसरी मेस लावणार, एवढेच.

वहीने खोटे सांगितले आणि गिऱ्हाईकाच्या तोंडानेही खोटेच सांगितले. खरे बोलले ते काळ्याच्या पोटाने.

त्या दिवसापासून अक्कांनी नेम केला. परत आलेला प्रत्येक डबा स्वतः उघडायचा. काय उरले ते बघायचे. भात उरला तर भात कमी द्यायचा, भाजी उरली तर भाजीत काय चुकले ते शोधायचे, चपाती उरली तर कणीक तपासायची. मोठमोठ्या कंपन्या गिऱ्हाईकाच्या मनात काय आहे हे काढायला लाखो रुपये घालवतात म्हणे. अक्कांना ते खरकट्याच्या बादलीत मिळाले, फुकट.

आम्ही काळ्याला विचारले, "यात तुझं तर नुकसानच झालं की?"

"झालं की! महिन्याभरात बरगड्या दिसायल्या. पन एक सांगू का भाऊ, आधी मला मिळायचं ते उष्टं. बादली उलटी केली की खायचं, न्हाईतर न्हाई. आता सकाळी साताला पह्यला तवा तापला की माजी भाकर निघती. ताजी. तिच्या हातानं, माज्या म्होरं ठेवलेली. उष्ट्यानं पोट फुगतंय, भाकरीनं भरतंय."

फेकलेला तुकडा आणि समोर ठेवलेली भाकर यांतला फरक आपल्या समाजाला कुणी समजावून सांगण्याची गरज नाही. ज्या दिवशी आपण येसकर पाळीच्या भाकरीवर लाथ मारली त्याच दिवशी आपण तो समजलो. पण आजही तुकडे फेकले जातात, फक्त ते कागदाचे असतात. 'तुझ्या नावावर दुकानाचा परवाना काढ, धंदा आम्ही करतो, महिन्याला काहीतरी देऊ' म्हणणारे भेटतात. 'तुझ्या जातीच्या दाखल्यावर कर्ज उचलू, अर्धे तुला' म्हणणारे भेटतात. अशाने पोट फुगते. हप्त्याची नोटीस मात्र ज्याचे नाव कागदावर आहे त्याच्याच घरी येते. आमच्या पाहण्यात अशी चार घरे आहेत, म्हणून लिहितो.

असो. काळ्याची आणि आमची पुढची बोलणी हातावरून झाली.

"मानूस काय बोलतंय ते मला कळत न्हाई," तो म्हणाला, "पन हात कळतो. हातात दगड हाय का भाकर हाय, का नुसताच हात हाय, हे मला लांबूनच कळतंय. तोंडानं 'ये ये' करनारी अन् मागच्या हातात काठी धरनारी मानसं मी लई बगितल्यात."

हे मात्र आमच्या पदरचे नाही. शास्त्राचा आधार आहे. कोलकात्याच्या आयसर या संशोधन संस्थेत डॉ. अनिंदिता भद्रा आणि त्यांचे विद्यार्थी कैक वर्षे रस्त्यावरच्या कुत्र्यांचाच अभ्यास करतात. परदेशी जातीच्या, गादीवर झोपणाऱ्या कुत्र्यांचा नव्हे, तुमच्याआमच्या गल्लीतल्या. २०१७ साली त्यांनी दोन गोष्टी प्रसिद्ध केल्या. पहिली अशी की, अनोळखी माणसाने काही कुत्र्यांना वरचेवर खाऊ दिला आणि काहींच्या डोक्यावरून नुसता मायेने हात फिरवला, तर हात फिरवणाऱ्यावर कुत्र्यांचा विश्वास जास्त बसला. दुसरी गंमत अशी की, खाण्याचे भांडे कोणते हे माणसाने बोटाने दाखवले तर लहान पिल्ले सरळ त्या बोटामागे जातात. मोठी कुत्रीही जातात. पण बोट दाखवलेले भांडे एकदा रिकामे निघाले, की मोठे कुत्रे पुढच्या वेळी त्या माणसाच्या बोटामागे जायला फारसे राजी नसते.

आता यातले गिऱ्हाईक कोण आणि दुकानदार कोण, हे वाचकांनी ताडलेच असेल. नांदेडच्या आठवडी बाजारात भाजी विकणाऱ्या आपल्या एका भगिनीला आम्ही ही दुसरी गंमत सांगितली. ती हसली. म्हणाली, "त्याला कोलकात्याला कशाला जायचं? काटा एकदा मारला की बाई दुसऱ्या बाजारी माझ्याकडं बघत बी नाही. भांडत नाही, काही नाही, नुसती सरळ चालत जाते." पावशेर टोमॅटोत दोन रुपये सुटतात आणि वर्षाचे गिऱ्हाईक जाते. पहिल्या प्रयोगाचेही तेच. 'एकावर एक फुकट' ची पाटी लावणाऱ्यापेक्षा "ताई, मागल्या बाजारी लेकराला ताप होता म्हणत होता, उतरला का?" असे विचारणारीची टोपली आधी रिकामी होते. मात्र तो प्रश्न मनापासून पाहिजे. गिऱ्हाईकालाही हात ओळखता येतो.

मग आम्ही काळ्याला जरा अडचणीत आणले. "ते सगळं खरं, पण तू मोटारसायकलमागं का पळतोस? ती सापडली तर काय करणार आहेस?"

त्याने मान खाली घातली. "समदे पळत्यात म्हनून पळतो."

या उत्तरावर आम्ही काही बोललो नाही, कारण समोरच्या गल्लीत आमची नजर गेली. एका ओळीत सहा मेसच्या पाट्या, चार ज्यूस सेंटर, पाच मोबाईल रिपेअरिंग. एकाचे चालले म्हणून शेजाऱ्याने टाकले, शेजाऱ्याचे बघून मेव्हण्याने टाकले. त्या गल्लीत पंक्चर काढणारा एकही नाही. चप्पल शिवायला पोरांना गंजगोलाईपर्यंत जावे लागते. पण चप्पल शिवण्याला आपली पोरे लाजतात. लाज कशाची, हेही आम्हाला ठाऊक आहे. तो धंदा जातीने गळ्यात अडकवला होता. तरी ज्याने तो आपखुशीने, चांगल्या यंत्रावर, काचेच्या दुकानात थाटला त्याला लाजण्याचे कारण आम्हाला दिसत नाही. यावर मतभेद असतील तर जरूर कळवा. पत्रे छापू.

चावण्याचा विषय काढावाच लागला. लेकरेबाळे हे पान वाचतात.

"मी आधी सांगतो," काळ्या म्हणाला. "कान मागं घेतो. दात दावतो. गुरगुरतो. तीनदा सांगून बी मानूस आंगावर आलं तर मग चावतो. जे कुत्रं न सांगता चावतंय ते भ्यालेलं असतंय न्हाईतर आजारी."

भागीदारीत धंदा करणाऱ्या भावाभावांनी एवढे जरी केले तरी पुष्कळ घरे वाचतील. आपल्याकडे भाऊ वर्षभर गुरगुरत नाही, आणि एक दिवस सरळ कोर्टात चावतो. पण हे झाले गमतीचे. खऱ्या कुत्र्याच्या चाव्याला गंमत समजू नका. चावा असो की नुसता ओरखडा, पहिली पंधरा मिनिटे जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा. मिरची, चुना, हळद भरू नका, मांत्रिकाकडे जाऊ नका. लगेच सरकारी दवाखाना गाठा. तिथे रेबीजची लस मोफत मिळते. जखम खोल असेल तर लसीबरोबर आणखी एक औषध जखमेत टोचावे लागते, त्याबद्दल डॉक्टरांना विचारा. आणि मुख्य म्हणजे डोस पूर्ण करा. 'दोन घेतले, आता बरं वाटतंय' म्हणून तिसऱ्याला रोजंदारी बुडवायला नको, असे करू नका. हा रोग एकदा अंगात उसळला की जवळपास कोणीही वाचत नाही.

लातूरहून आम्ही नांदेडच्या रस्त्याला लागलो. याच रस्त्यावर लोहा तालुक्यात माळेगाव आहे. मार्गशीर्षात तिथे खंडोबाची मोठी जत्रा भरते. देवाचे ज्याचे त्याच्याकडे. आम्ही लिहितो ते तिथल्या बाजाराविषयी. घोडे, गाढवे, उंट, लाल कंधारी बैल यांचा तो नामी बाजार, आणि त्यात कुत्र्यांचेही प्रदर्शन असते. अलीकडे लातूर जिल्ह्यातच, चाकूर तालुक्यात, जानवळ नावाचे गाव आहे. पश्मी आणि कारवान कुत्र्यांसाठी त्याचे नाव दूरवर गेलेले आहे. लांब पाय, चिमटलेले पोट, निमुळते तोंड. पश्मीच्या कानाशेपटीला रेशमासारखे केस, कारवानचे अंग तुळतुळीत. सशामागे सुटले की नजर ठरत नाही. व्यापाऱ्यांच्या काफिल्यांबरोबर ही कुत्री इकडे आली, म्हणून कारवान, असे सांगतात. कर्नाटकात यांचेच भाईबंद मुधोळ म्हणून ओळखले जातात. मुधोळ कुत्र्याचे तर २००५ साली पोस्टाचे तिकीट निघाले आणि पुढे लष्करानेही त्याला शिकवायला घेतले.

जाणते लोक सांगतात की पश्मीला खाऊ घालून गुबगुबीत करणारा मालक त्याचा वैरी. नवख्याला ते कुत्रे उपाशी वाटते आणि तो त्याला दूध-चपातीने भरतो. मग ते पळायचे विसरते. अक्कांच्या काळ्याची गोष्ट तुम्हाला आठवली असेल.

पण अशा बाजारात आमचे मन एका शब्दावर अडले. जो तो विचारतो, "जातिवंत आहे का?" आई कोण, बाप कोण, आजा कुठला. कुत्र्याच्या सात पिढ्या निघतात. गावठी कुत्रे मात्र मंडपाच्या बाहेर उभे. त्याला कोणी वंशावळ विचारत नाही आणि पाणीही विचारत नाही. आम्ही काळ्याला ही हकिगत सांगितली असती तर तो म्हणाला असता, "जात इचारनारा मानूसच, भाऊ. आमी नुसतं हुंगतो."

इथे पाली जातककथांमधली कुक्कुर जातकाची कथा मुलांना वाचून दाखवण्याजोगी आहे. वाराणसीच्या राजाचा रथ रात्री अंगणात राहिला, पाऊस आला, कातड्याचे पट्टे भिजून मऊ झाले आणि कुत्र्यांनी ते कुरतडून खाल्ले. सेवकांनी सांगितले, बाहेरची कुत्री मोरीतून आत आली असतील. राजाने हुकूम सोडला, दिसेल ते कुत्रे मारा. फक्त राजवाड्यातली जातिवंत कुत्री तेवढी सोडली. बाहेरची कुत्री जीव घेऊन मसणवट्यात पळाली. तिथे त्यांचा म्होरक्या राहत होता, तो म्हणजे बोधिसत्त्व. त्याने एवढाच विचार केला, पहाऱ्यातल्या वाड्यात बाहेरचा शिरेल कसा? तो एकटा चालत दरबारात गेला, राजाच्या आसनाखाली बसला आणि म्हणाला, चोर सापडण्याआधीच तुम्ही कुणाला मारायचे आणि कुणाला सोडायचे ते ठरवले, हा न्याय नव्हे. मग त्याने वाड्यातल्या कुत्र्यांना ताकात गवत कालवून पाजायला लावले. जातिवंतांच्या पोटातून कातड्याचे तुकडे बाहेर पडले.

गावात मोटार चोरीला गेली, शेतातली केबल गेली, की जीप आधी कुठल्या वस्तीकडे वळते हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ही कथा दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीची वाटणार नाही. तो म्होरक्या भुंकला नाही, पळालाही नाही. तो पुरावा घेऊन बोलला. ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्लीच्या भटक्या कुत्र्यांवर सर्वोच्च न्यायालयाचा हुकूम निघाला, सगळी उचलून कोंडवाड्यात ठेवा. अकरा दिवसांत तो बदलला, नसबंदी करून, लस टोचून पुन्हा त्याच जागी सोडा, पिसाळलेली आणि अंगावर येणारी तेवढी ठेवा. देशभर वाद झाला. बंगल्याच्या गच्चीवरून कुत्र्यांची दया करणे सोपे असते. ज्यांच्या घराला कुंपण नाही त्यांच्याच लेकरांना चावे बसतात, हेही खरे. पण नसबंदी आणि लस ही कामे ज्या नगरपालिकेने करायची, ती न करता कुत्र्यांवर खापर फोडणे म्हणजे मोरीतून कोण आले ते न बघताच हुकूम सोडण्यासारखे झाले.

परतताना आम्ही पुन्हा अक्कांकडे थांबलो. काळ्या पायरीखाली गाढ झोपला होता. उद्याची भाकर उद्या, ही त्याची रीत. कुत्रे साठवत नाही. एखादे हाडूक पुरून ठेवलेच तर कुठे पुरले ते त्याला सापडेलच असे नाही. या एका बाबतीत मात्र आम्ही त्याला गुरू करणार नाही. हप्ता उद्या असतो, पाऊस उद्या दगा देतो, आणि मे महिना तर दरवर्षी येतोच.

भगवान बुद्धांनी सिगाल नावाच्या तरुण गृहस्थाला सांगितलेला हिशेब आम्ही अक्कांना सांगितला. मिळकतीचे चार वाटे करावेत. एक वाटा घरच्या खाण्यापिण्याला, दोन वाटे धंद्यात, चौथा संकटासाठी बाजूला. अक्का चौथी शिकलेल्या. पण हिशेब त्यांनी बोटांवर तिथल्या तिथे मांडला. समजा सगळे जाऊन ८,००० उरले. २,००० घरात. ४,००० धंद्यात, म्हणजे तेल, गॅस, गटाचा हप्ता, दोन नवे कुकर. २,००० पोस्टात.

मग त्या थांबल्या. त्यांची मुलगी यंदा अकरावी सायन्सला आहे, याच लातुरात. "भाऊ, पोरीच्या क्लासची फी कोणत्या वाट्यात धरायची? बुद्धांच्या वेळेला क्लास नव्हते."

आम्ही म्हणालो, घरखर्चात. त्यांनी मान हलवली. घरखर्चात दोन हजार, त्यात काय बसणार. मग आम्ही म्हणालो, संकटाच्या वाट्यात धरा. त्यावर त्या जरा रागावल्याच.

"पोरगी शिकायलीय, हे संकट कसं होईल?"

फी त्यांनी धंद्याच्या दोन वाट्यांत धरली. कुकर एकच घ्यायचा ठरला.